भिंतीआड कोण झोपत होतं?

बाय, आधी तो ‘कॅसल’ पूस. रंग ओला आहे तोवर रॉकेलच्या फडक्यानं निघेल, उद्या खरवडत बसावं लागेल.

पाटी छान केलीस. अक्षर थेट तुझ्या आईचं. पण ‘धारावी कॅसल’ वाचून जो माणूस चौक गावची टेकडी चढेल, त्याला वर दिसणार काय? तटाचे चार पडके तुकडे, चिमाजी अप्पांचा पुतळा आणि समोर खाडीपल्याड वसई. जागा सुंदर आहे, वारा तर फुकटचा. पण कॅसल म्हटल्यावर त्याच्या डोक्यात जे चित्र उभं राहिलं असेल, उंच मनोरे, झुलता पूल, खिडकीत राजकन्या, त्यातलं काहीच तिथं नाही. शब्दानं आधीच चित्र काढून ठेवलेलं असतं, आणि मग आपली जागा बिचारी खोटी ठरते.

हे मी हसून सांगतोय, पण ही चूक मी स्वतः करून बसलोय. तरणा होतो, इंग्रजी नवीन नवीन फुटलं होतं. आपल्या एका नातेवाइकाबरोबर परदेशातला पाहुणा येणार होता, त्याला पत्रात लिहिलं की आमच्या उत्तनजवळ एक जुना कॅसल आहे. तो आला तो बायकोपोरांसकट. भर उन्हात सगळ्यांना टेकडीवर चढवलं. धाकटा पोरगा दमून एका पडक्या भिंतीवर टेकला आणि त्यानं बापाला विचारलं, कॅसल कुठाय? अरे, त्याच्यावरच बसला होता तो. बाप सज्जन, काही बोलला नाही. पण मला त्या दिवशी टेकडी उतरताना चपला जड झाल्या होत्या.

मग मी आमच्या इंग्रजीच्या मास्तरांकडे गेलो. म्हटलं, किल्ल्याला इंग्रजीत नक्की म्हणायचं तरी काय? शब्दकोशात पाच शब्द, आणि पाचांपुढे अर्थ एकच, किल्ला. मास्तर वलांडीवरचे बोंबील उलटत होते. त्यांनी हातातला बोंबील तसाच ठेवून मला विचारलं, जवळा, करंदी आणि सोडे यांना इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, ड्राइड श्रिम्प. तिन्हींना? तिन्हींना. मग तुझ्या आईनं जवळा आणायला सांगितला आणि तू सोडे घेऊन गेलास तर? मी म्हटलं, मार बसेल. म्हणाले, बस. इंग्रजाला मासळीत कळत नाही तितकंच आपल्याला किल्ल्यात कळत नाही असं त्याला वाटतं. आणि मग त्यांनी ते वाक्य सांगितलं, जे मी आज तुझ्या कानात घालतोय. “भिंत बघू नकोस. भिंतीआड रात्री कोण झोपत होतं ते विचार.”

एवढंच. पण चाळीस वर्षं पुरलंय मला.

आता लावून बघ. भिंतीआड एखादा सरदार झोपतो, त्याची बायको, पोरंबाळं, म्हातारी आई, आत मुदपाकखाना, प्रार्थनेची खोली, घोड्यांची पागा. शत्रू आला तर दार लावायचं, एरवी संसार. हा कॅसल. म्हणजे मुळात घर, तट त्याच्या अंगाला चिकटलेला. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं काय सांग? गड नाही, दुर्ग नाही. देशावरची गढी. मराठवाड्यात, खानदेशात देशमुख-पाटलांच्या गढ्या असतात ना, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्याला बुरूज आणि आत वाडा, ती गढी इंग्रजाला दाखवलीस तर त्याला कॅसल लगेच समजेल. दोन मजली मातीची असली तरी. आकाराचा प्रश्नच नाही, आत चूल कुणाची पेटते याचा प्रश्न आहे.

भिंतीआड पगारी शिपाई झोपतात, पहारे बदलतात, घर कुणाचंच नाही, सगळे कामावर. हा फोर्ट. दोनशे माणसांचा असो की वीस. आपली मुंबईभोवतीची बहुतेक ठाणी यात बसतात.

भिंतीआड अख्खं गाव झोपतं, शिपायांबरोबर सोनार, पाद्री, व्यापारी, विधवा, कारकून, सगळे. मग फोर्ट शब्द तोकडा पडतो. फोर्ट्रेस म्हण, किंवा त्याहून बरं, सरळ ‘फोर्टिफाइड टाउन’ म्हण. फोर्ट्रेस या शब्दाला थोडा तोरा आहे, तो उगीच वापरला की लिहिणाऱ्याचाही तोरा दिसतो.

आणि भिंतीआड कुणीच झोपत नाही, नुसत्या तोफा मांडल्यात आणि गोलंदाज पाळीपाळीनं जागे आहेत, ती बॅटरी. हसू नकोस. टॉर्च नव्हे. तोफांची रांग मांडलेली जागा ती बॅटरी, मराठीत मोर्चा. तोही आता रस्त्यावरून घोषणा देत चालायला लागलाय, त्याला आपण काय करणार.

समोरची वसई घे. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली ती पोर्तुगिजांना दिली, आणि तिथून दोनशे वर्षं त्या तटाआड शहर नांदलं. चर्चं, मठ, श्रीमंतांच्या हवेल्या, बाजार. समुद्राच्या बाजूला बंदर दरवाजा, जमिनीच्या बाजूला भुई दरवाजा. पोर्तुगीज तिला ‘फोर्तालेझा’ म्हणत. आता त्याच तटाच्या आत आणखी एक लहान जुना कोट आहे, लोक त्याला बालेकिल्ला म्हणतात. हा इंग्रजीतला सिटाडेल. बाहेरचं सगळं पडलं तरी शेवटी जिथं दार लावून बसायचं ती जागा. गंमत बघ. बालेकिल्ल्यातला ‘बाला’ फारसी, म्हणजे वरचा. वसईचा बालेकिल्ला सपाटीवर आहे, वरचा कसला. आणि सिटाडेल मूळ इटालियन, त्याचा अर्थ लहानसं शहर. ते शहरही नाही. दोन्ही शब्द आपला जन्मार्थ विसरून एकाच कामाला लागलेत, म्हणून एकमेकांना बरोबर बसतात. तेव्हा राजगडाचा बालेकिल्ला असो की वसईचा, सिटाडेल लिहायला घाबरू नकोस. पण राजगडाच्या पद्मावती, संजीवनी, सुवेळा या माच्यांना इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस. माचीला माचीच लिही आणि पुढं एका वाक्यात समजावून सांग. जो शब्द त्यांच्याकडे नाही तो उसना आणायचा कुठून?

वसईचे बुरूज मात्र नीट बघ. रो-रोनं पलीकडे गेलीस की मुद्दाम जाऊन बघ. ते आपल्या गडावरच्यासारखे गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे कोनात पुढं आलेले आहेत. गोल बुरुजाच्या अगदी नाकासमोर एक जागा अशी राहते की शेजारच्या बुरुजावरून तिथं गोळी पोचत नाही, शत्रू तिथं येऊन भिंतीला चिकटला की सुखी. कोनाचा बुरूज केला की शेजारच्याला त्याची प्रत्येक बाजू दिसते. अशा कोनाच्या बुरुजाला इंग्रजीत बॅस्टिअन म्हणतात, आणि गोल उंच असेल तर टॉवर. असं पुस्तकात आहे. पण आपल्या देशातल्या इंग्रजीत गोल बुरुजालाही बॅस्टिअनच म्हणायची चाल पडून गेलीय, तिच्याशी भांडायला जाऊ नकोस. मी भांडलोय, उपयोग होत नाही.

आता आपल्या धारावीकडे ये. इथं मास्तरांचा प्रश्न जरा खोल उतरतो.

चिमाजी अप्पांनी १७३७ साली साष्टीत मोहीम काढली, ठाणं घेतलं आणि वसईला हात घातला. वसईला अन्न आणि दारूगोळा यायचा तो समुद्रातून, खाडीच्या तोंडानं. त्या तोंडावर एका बाजूला वसई, दुसऱ्या बाजूला ही आपली टेकडी. टेकडी ज्याच्या हातात, खालून जाणारं गलबत त्याच्या तोफेच्या तोंडात. म्हणून तिच्यासाठी दोन वर्षं ओढाताण चालली. मराठ्यांनी घेतली, पोर्तुगिजांनी हिसकावली, आणि शेवटी १७३९च्या मार्चमध्ये ती पुन्हा मराठ्यांकडे आली. वसई त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे महिन्यात पडली. म्हणजे तू जिथं पाटी ठोकणार आहेस ती जागा वसईच्या कुलपाची किल्ली होती असं म्हणालीस तरी चालेल. बघ, हा शब्दांचा खेळ इंग्रजीत साधायचा नाही.

मग तिथं रात्री कोण झोपत होतं? शिपाई. कधी या बाजूचे, कधी त्या. कुणाचं घर नव्हतं, बाजार नव्हता. म्हणजे फोर्ट, कॅसल नव्हे, फोर्ट्रेसही नव्हे. आणि अगदी काटेकोर बोलायचं तर पहिल्यांदा मराठे टेकडीवर चढून तोफा रोखून बसले तेव्हा ती नुसती बॅटरीच असणार, फोर्टपण तिला पुढं आलं. पण हे पाटीवर नको, पाटी वाचायला माणूस उन्हात उभा असतो. हे बरोबर चालताना तोंडानं सांग.

जुन्या मराठीत तिला जंजिरे धारावी म्हणतात. ते ऐकून कुणी ‘आयलंड फोर्ट’ लिहायला सांगेल. सांगणारा चूक नाही. जंजिरा म्हणजे अरबी जझीरा, बेट, आणि आपलं धारावी बेटच आहे, गोराई-मनोरीपासून चौकपर्यंत. पण आयलंड फोर्ट म्हटलं की वाचणाऱ्याला मुरूडचा जंजिरा किंवा अर्नाळा दिसतो, चारी बाजूंनी पाणी आणि होडीतून उतरायचं. इथं तर रिक्षा जाते. म्हणून ‘हिल फोर्ट ऑन धारावी आयलंड’ असं लिही. दोन्ही खरं, आणि पाहुणा पायात रबरी चपला घालून येणार नाही.

आणि धारावी शब्दाचीही काळजी घे. इंग्रजीत नुसतं ‘धारावी फोर्ट’ टाकलंस की अर्धी मुंबई सायनजवळच्या धारावीत जाईल. त्यात गोम अशी की तिथंही किल्ला आहेच, काळा किल्ला, इंग्रजांनी बांधलेला, आणि तोही १७३७चा. गव्हर्नर हॉर्नच्या नावाचा लेख आहे त्यावर. म्हणजे इकडे आपल्या टेकडीवर मराठे आणि पोर्तुगीज भिडलेले, आणि तिकडे खाडीवर इंग्रज बसून भिंत रचतोय, उद्या मराठे आपल्याकडे वळले तर काय या भीतीनं. असा मला वाटणारा हिशेब, कागद नाही माझ्याकडे. तू ‘उत्तन’ शब्द पहिल्या ओळीतच घाल, म्हणजे प्रश्न मिटला.

आता तुझी हरकत मला दिसतेय. म्हणशील, मग बांद्र्याच्या टोकावरच्या किल्ल्याला ‘कास्तेला दे अग्वादा’ का म्हणतात? तिथं तर टेहळणीपुरतेच लोक असत. बरोबर. १६४० साली पोर्तुगिजांनी तो उभा केला तो खाडीवर नजर ठेवायला, अग्वादा म्हणजे जहाजांनी गोडं पाणी भरून घ्यायची जागा. आपल्या प्रश्नानं तो कॅसल ठरत नाही. पण ते नाव आहे, बाय. नावाला व्याकरण लावायचं नसतं. आपल्या गल्लीतल्या बारक्याला बारक्याच म्हणतात ना, तो आता दीडशे किलोचा असला तरी. नाव जसं आहे तसं ठेव, आणि पुढं वर्णन करताना आपला शब्द वापर. म्हणजे नावात कास्तेला, वर्णनात वॉचटॉवर.

‘बॉम्बे कॅसल’चं उलट आहे. तिथं शब्द अगदी चपखल बसतो. मुळात ती गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची हवेली. इंग्रजांनी मुंबई घेतल्यावर तिलाच तट घातला, गव्हर्नर आत राहायला. घर आणि तट एकत्र, म्हणजे कॅसल. पुढं गव्हर्नर तिथून उठून गेला तरी सरकारी ठरावांवर कितीतरी वर्षं ‘बॉम्बे कॅसल’ असंच छापून येत राहिलं. आज तिथं नौदलाचं आयएनएस आंग्रे आहे. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या भीतीनं त्या भिंतीवर पहारे वाढले असतील, त्यांचंच नाव. आणि त्या कॅसलच्या बाहेर जो मोठा तट शहराभोवती होता, त्यावरून त्या भागाचं नाव पडलं फोर्ट, आपली म्हातारी माणसं त्याला कोट म्हणायची. गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं १८६०च्या दशकात तो तट पाडला. तट गेला, पण तू भाईंदरहून गाडी पकडून उतरतेस ते चर्चगेटला, त्या तटाच्याच एका दरवाजाच्या नावाच्या स्टेशनात. म्हणून इंग्रजीत नुसतं ‘द फोर्ट’ लिहू नकोस, मुंबईचा माणूस बँकेत जायला निघेल.

दुसरी हरकत जास्त टोकदार आहे आणि ती मला एकदा शाळेतल्या एका पोरीनं घातली होती. म्हणाली, सर, रायगडावर महाराज झोपत होते, राणीवसा होता, मग रायगड कॅसल का नाही? मी वर्गात गप्प झालो होतो. घरी येऊन विचार केला. कॅसल म्हणजे एक घर, ज्याला माणसानं भिंत घातली. रायगडावर भिंत घालायचं मुख्य काम डोंगरानंच केलंय, आणि आत घर नव्हे, राजधानी आहे, बाजारपेठ आहे. म्हणून तो हिल फोर्टच, आत बालेकिल्ला म्हणजे सिटाडेल, त्यात राजवाडा म्हणजे पॅलेस. एकात एक तीन शब्द. मास्तरांचा प्रश्न इथं पुरत नाही, हे मी कबूल करतो. युनेस्कोनं २०२५ साली रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातही कुणाला कॅसल केलेलं नाही. डोंगरावरचा, किनाऱ्यावरचा, बेटावरचा अशी वर्गवारी करून सगळीकडे फोर्टच ठेवलाय. साल्हेरपासून जिंजीपर्यंत सगळ्यांचं फोर्टवर भागलं, तर आपल्या चौकच्या टेकडीचं भागेल.

शनिवारवाडा? तो ना फोर्ट ना कॅसल. १७३२ साली वास्तुशांत झाली, पेशवे कुटुंबासकट राहिले, म्हणजे प्रश्न कॅसलकडे ओढतो. पण तिथला कारभार दरबाराचा, म्हणून मी ‘फोर्टिफाइड पॅलेस’ म्हणतो. दिल्ली दरवाजाचे खिळे बघून कुणी फोर्ट म्हणाला तर त्याच्याशीही वाद नाही.

‘रायगड फोर्ट’, ‘विजयदुर्ग फोर्ट’ हे लिहिताना हात अडखळतो का तुझा? माझा अडखळतो. गडात गड आलाच, दुर्गात दुर्ग आलाच, वर फोर्ट कशाला. पण रायगड जिल्हाही आहे, सिंधुदुर्ग जिल्हाही आहे, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला गड म्हणजे काय ते ठाऊक नाही. म्हणून पहिल्यांदा फोर्ट लावायचा, पुढच्या ओळींत नुसतं रायगड.

आता पाटीबाहेरचं थोडं. तू ते पर्यटकांसाठी माहितीपत्रकही लिहिणार आहेस म्हणे, आणि मराठी मजकूर उचलून इंग्रजी करणार आहेस. तिथं खरे खड्डे आहेत. आपण म्हणतो ‘त्यानं एकट्यानं किल्ला लढवला’. ते तू ‘होल्ड द फोर्ट’ केलंस तर इंग्रज समजेल की मालक गावाला गेला होता आणि हा दुकान सांभाळत होता. निवडणुकीच्या बातमीतला ‘बालेकिल्ला’ म्हणजे सिटाडेल नव्हे, तिथं स्ट्राँगहोल्ड. ‘गड राखला’ला तर किल्ल्याची गरजच नाही, जागा राखली असं सरळ लिही. आपण हवेत इमले बांधतो, ते हवेत कॅसल बांधतात, तेवढं एक सोपं. आणि बीचवर पोरं वाळूचा किल्ला करतात तो इंग्रजीत कायमचा सँडकॅसल. पण दिवाळीत अंगणात मातीचा करतो, वर शिवाजी महाराज बसवतो, पायऱ्यांवर मावळे ठेवतो, त्याला कॅसल म्हटलंस तर मीच रागावेन. तो फोर्ट. पायथ्याशी मावळा पहाऱ्याला उभा आहे, दिसत नाही?

उच्चारही सांगून ठेवतो, पाहुण्यांसमोर बोलशील म्हणून. कॅसलमधला ‘ट’ लिहायचा, बोलायचा नाही. मी दोन वर्षं ‘कास्टल’ म्हणत होतो आणि कुणी दुरुस्त केलं नाही. वर्गातली पोरं अजून आठवण काढतात.

तर आता लिही. वर मोठ्या अक्षरात ‘धारावी फोर्ट, उत्तन’. खाली एकच ओळ, ‘हिल फोर्ट गार्डिंग द माउथ ऑफ द वसई क्रीक, टेकन बाय द मराठाज इन मार्च १७३९’. चिमाजी अप्पांचं नाव त्याखाली. बस, त्याच्यापुढं पाटीवर काही नको.

खिळे साधे लावू नकोस, खाऱ्या वाऱ्यानं एका पावसात गंजून पाटी खाली येईल. स्टेनलेसचे आण. आणि वसईकडे जो बाण काढणार आहेस तो वर जाऊन, समोर बघून काढ. मागच्या पाटीवरचा बाण गोराईला जात होता.